यथावकाश

बोरीवली पश्चिमेला एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, मी एका आजोबांच्या दंडाला रबर बांधत होते. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, हे माझं काम. उपाशीपोटीचे नमुने लवकर उरकायचे असतात, म्हणून त्या वेळात मी फोन उचलत नाही. पर्समध्ये तो तीनदा थरथरला आणि गप्प झाला. आजोबांची शीर सापडत नव्हती. सापडली, नळी भरली, त्यांना कापूस दाबून धरायला सांगितला आणि मग फोन पाहिला. समताचा, माझ्या मुलीचा, मेसेज होता. परब काका गेले. तू ये. एवढंच. आजोबा विचारत होते, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल ना? मी हो म्हणाले. नळीवर नाव लिहिलं, वेळ लिहिली... आणि खाली उतरून त्यांच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. पुढची तीन घरं मी रद्द केली नाहीत. सगळी केली. घरी जायचा धीर होत नव्हता, कारण ज्या माणसाच्या दारात मला जाऊन उभं राहायचं होतं, त्याच्याशी मी तीन वर्षं बोलले नव्हते.

रघुनाथ परब. आमच्या बिल्डिंगमधली मोठी माणसं त्यांना परबभाऊ म्हणायची, पोरं परब काका. बोरीवली पूर्वेला हायवेपासून नॅशनल पार्कच्या भिंतीपर्यंत जो चढ आहे, त्यावर आमची सात मजल्यांची बिल्डिंग आहे. आधी त्याच जागी आमची बैठी घरं होती, तेव्हापासून परबांचं आणि आमचं घर शेजारी. त्यांचे वडील मालवणकडून आलेले, लालबागला गिरणीत होते. माझे वडील वाशीमकडून आले, रस्त्याच्या कामावर लागले. बिल्डिंग झाली तेव्हा परबांना तिसरा मजला मिळाला, आम्हाला पाचवा. भाऊ लिफ्ट मेकॅनिक होते. बुटके, आवाज मोठा, खिशाला कायम दोन पेनं आणि एक टेस्टर. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण रागावले किंवा लाडात आले की मालवणीत शिरायचे. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्यांना प्राची झाली. ती आणि माझी समता एकाच महिन्यातल्या. दोघींना आम्ही एकाच दिवशी चढाच्या पायथ्याशी असलेल्या पालिकेच्या मराठी शाळेत घातलं. शाळा इतकी जवळ, की पहिली घंटा ऐकून पोरं घरातून निघायची आणि दुसरी होईपर्यंत वर्गात बसलेली असायची.

भाऊ साधे होते असं मी लिहिणार नाही, कारण ते तसे नव्हते. त्यांना मोठेपणाची हौस होती. मुली पहिलीत असताना शाळा व्यवस्थापन समितीसाठी पालकांमधून अध्यक्ष निवडायचा होता. बाकी कुणाला वेळ नव्हता, भाऊंनी हात वर केला. आठवड्याभरात व्हिजिटिंग कार्डं छापून आली. खाली लहान अक्षरांत शाळेचं नाव, वर ठळक अक्षरांत ‘रघुनाथ परब, अध्यक्ष’. ज्या सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करायचे तिथल्या सेक्रेटरींनासुद्धा ते एकेक कार्ड देऊन यायचे. आम्ही पाठीमागे हसायचो. पण त्याच माणसाने पाण्याच्या टाकीला झाकण बसवून घेतलं. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, तर रविवारी स्वतःचं ड्रिल नेऊन कडी बसवली, स्क्रूसुद्धा घरचे. आणि मुख्याध्यापिका देसाई बाईंचा शब्द म्हणजे त्यांच्यासाठी शेवटचा. बाई कडक, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या, पोरांच्या पालकांनाही अहोजाहो करणाऱ्या. भाऊ आयटीआय झालेले. कुठलाही वाद निघाला की म्हणायचे, “बाई सांगतत म्हणजे विषय संपलो.”

मुली तिसरीत गेल्या त्या वर्षी, एका रविवारी, चौथीच्या वर्गात छताचं प्लॅस्टर बाकांवर कोसळलं. सुट्टी होती म्हणून कुणाला लागलं नाही. महिन्याभरात भिंतीवर लाल रंगाने ‘धोकादायक इमारत’ असं लिहिलं गेलं आणि पोरांना हायवेच्या पलीकडच्या शाळेत हलवायचं ठरलं. पालक तयार होईनात. एक तर मध्ये हायवे. दुसरं म्हणजे, एकदा उठलेली शाळा परत बसत नाही, हे आम्ही इकडून तिकडून ऐकलेलं होतं. मग शिक्षण खात्याचे एक साहेब आले. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या. साहेबांनी रंगीत नकाशा दाखवला: चार मजले, दहावीपर्यंतचे वर्ग, खाली प्रयोगशाळा, बाजूला झाडंसुद्धा काढलेली. म्हणाले, अठरा महिने द्या आम्हाला. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, लेखी द्या. त्या दिवशी ते खरंच अध्यक्ष वाटले मला. आठवड्याने पत्र आलं. भाऊंनी ते लॅमिनेट करून घेतलं आणि समितीच्या ठरावावर पालकांच्या सह्या घ्यायला घरोघर फिरायला लागले.

आमच्याकडे आले तेव्हा मिलिंद, माझा नवरा, घरात होता. आम्ही समतासाठी खालच्या चौकातल्या इंग्लिश शाळेचा फॉर्म आणून ठेवला होता, आणि ते भाऊंना माहीत होतं. सोफ्याच्या टोकावर बसून त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं.

“दीड वर्ष गो सुषमा. दीड वर्षात काय होतं?”

“भाऊ, फॉर्म भरून झालाय,” मिलिंद म्हणाला.

“पोरगी वर्गात पहिली येते, आणि तू तिला तिकडे नेऊन मुकी बसवणार? दहावीपर्यंत आपली शाळा होतेय रे. मी सही केलीय. माझा शब्द आहे.”

पत्रात लिहिलं होतं, विद्यार्थ्यांचे तात्पुरते स्थलांतर करण्यात येत असून नवीन इमारतीच्या बांधकामाबाबतची कार्यवाही यथावकाश करण्यात येईल. मी विचारलं, यथावकाश म्हणजे काय हो? भाऊ म्हणाले, “मी पण बाईंना तेच विचारलं. म्हणजे वेळ झाली की. सरकारी भाषा आहे ती, तशीच असते.” अठरा महिने हे शब्द त्या कागदावर कुठेच नव्हते. मी बारावी झालेली, लॅबचा डिप्लोमा केलेली. रिपोर्टमधलं दशांशचिन्ह इकडचं तिकडे झालं तर माझी नोकरी जाईल. आणि एवढा मोठा आकडा पत्रात नाही, हे मला दिसलं नाही. किंवा दिसलं, आणि भाऊंच्या तोंडाकडे बघून मी पुढे गेले. सही केली. मिलिंद त्यानंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

हायवेपलीकडच्या शाळेत आमच्या पोरांना चार वर्ग मिळाले, दुपारच्या सत्रात. सकाळी तिथली शाळा भरायची, ती सुटली की आमची. तिथल्या बाई फळ्यावर सकाळी लिहिलेलं तसंच ठेवायच्या आणि चौकट काढून वर लिहायच्या, ‘पुसू नये’. आमच्या पोरांना खालचा वीतभर फळा उरायचा. समता घरी येऊन सांगायची, आज गणित तीन ओळींत बसलं. मी हसले होते त्यावर. खरी भीती रस्त्याची होती. उड्डाणपुलाखालच्या चौकात डंपर वळतात, आणि पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागतो न लागतो तोच विझतो. पहिल्या दिवशी आम्ही चारपाच आया पोरांना घेऊन खाली उतरलो तर भाऊ कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये, मोटरसायकल कडेला लावून, गेटवर उभे. म्हणाले, तुम्ही कामाला जा, मी सोडतो. त्यांची ड्युटी बोरीवली-कांदिवलीतल्याच बिल्डिंगांमध्ये असायची. त्यांनी जेवणाची सुट्टी पोरांच्या शाळेच्या वेळेला जोडून घेतली. तीसेक पोरांची रांग करून पलीकडे न्यायची, शाळेच्या दारात मोजून आत सोडायची, आणि मग डबा उघडायला वेळ उरला तर उरला. संध्याकाळी आम्ही बायका पाळीपाळीने आणायचो. भाऊ म्हणायचे, दीड वर्षाचाच तर प्रश्न आहे.

दीड वर्ष झालं. जुनी शाळा पाडून त्या जागेला पत्रे ठोकले होते, आणि पत्र्यांच्या फटीतून आत एरंड वाढलेला दिसायचा. भाऊ वॉर्ड ऑफिसात गेले. नकाशावाले साहेब बदलून गेले होते. नवे साहेब म्हणाले, प्रस्ताव पाठवा. प्रस्ताव पाठवला तर म्हणाले, तो वर गेलाय. मग कोविड आला, शाळा मोबाईलवर गेली. आमच्या चढावर किती घरांत दोन मोबाईल होते? पोरं परत वर्गात बसली तेव्हा पट निम्म्याहून खाली आला होता. ज्यांना जमलं त्यांनी पोरं काढून घेतली होती. शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. सहावीत वर्षभर गणिताला कुणीच नव्हतं. देसाई बाई ऑफिसचं काम सांभाळून दोन वर्ग एकत्र बसवायच्या आणि पाढे म्हणून घ्यायच्या. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सहाला घर सोडायचे, घरी यायचे तेव्हा समता शाळेत असायची. मला दिसायचं ते प्रगतिपुस्तक. त्यात सगळीकडे अ. गणितातही अ. मी ते माझ्या आईला दाखवलं होतं, विहारात भेटलेल्या बायकांना दाखवलं होतं. लोकांना सांगायचे, पालिकेच्या शाळेत काही कमी नाही हो.

सातवीनंतर ती शाळा संपली. आठवीसाठी मी समताला घेऊन एका अनुदानित शाळेत गेले. त्यांनी तिला एक कागद दिला, बाकावर बसवलं. अर्ध्या तासाने तिथल्या शिक्षिकेने मला आत बोलावलं. वयाने माझ्याएवढीच असेल. आवाज चढवला नाही, हिणवलं नाही, उलट खुर्ची पुढे केली. म्हणाली, “ताई, मुलगी हुशार आहे. वाचते छान. पण हिला पाऊण म्हणजे किती ते लिहिता येत नाही. अपूर्णांक पाहिलेलेच दिसत नाहीत तिने.” मी प्रगतिपुस्तक तिच्या पुढे ठेवलं. तिने ते उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे परत सरकवलं. समता माझ्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, “आई, ते शिकवलंच नाही आम्हाला.” सातवीत पुन्हा बसवली तर घेऊ, असं शाळेने सांगितलं. म्हणजे पोरीचं एक वर्ष गेलं. पहिली येणारी पोरगी. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, प्राची आठवीत गेली, तिला सगळं आलं. मी विचारलं, तिला कसं आलं? “काका तिला घरी शिकवतात ना,” ती म्हणाली. “पाचवीपासून.”

त्याच आठवड्यात ऑर्डर आली, की आमची शाळा पलीकडच्या शाळेत कायमची विलीन. पट अपुरा असल्याने नवीन इमारतीची आवश्यकता दिसून येत नाही, असं त्यात होतं. भाऊंनी सोसायटीच्या ऑफिसात पालकांना बोलावलं आणि कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, “अरे, शाळा हलवली म्हणून पट गेला, आणि आता म्हणतात पट नाही म्हणून शाळा नाही.” मागून कुणीतरी म्हणालं, हे आम्हाला काय सांगता, तुमच्या साहेबांना सांगा. दुसरा म्हणाला, विरारला फ्लॅट झालाय म्हणे अध्यक्षांचा, बिल्डरने दिलाय. ही अफवा महिनाभर बिल्डिंगमध्ये फिरत होती. ती खोटी आहे हे त्या खोलीत सगळ्यांपेक्षा मला जास्त माहीत होतं. मी उभी राहिले.

“भाऊ, प्राचीला तुम्ही पाचवीपासून घरी गणित शिकवलंत.”

त्यांनी हातातला कागद खाली घेतला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं तिथे काही शिकवत नाहीत. तेव्हा आम्हाला का नाही सांगितलं? तुमची पोरगी पुढे गेली, माझी मागे राहिली. विकलंत तुम्ही आम्हाला.”

माझ्या त्या एका शब्दाने विरारचा फ्लॅट खरा झाला. मला लगेच कळलं. मागे लोक उठून बोलायला लागले, नको नको ते बोलले. मी एक वाक्य बोलले असते, की हे खोटं आहे, या माणसाने कुणाचा चहा फुकट घेतला नाही, तर कदाचित गप्प झाले असते. मी बोलले नाही. माझ्या हातात ते प्रगतिपुस्तक होतं, का आणलं होतं कुणास ठाऊक... भाऊंनी कागदाची घडी केली. “बरां,” म्हणाले, आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवर ते नेहमीसारखे उभे होते. पोरं कमी होती, पण रांग लावली होती.

त्यानंतर तीन वर्षं. लिफ्टमध्ये आम्ही अनेकदा एकत्र यायचो. तेवढ्याशा लिफ्टमध्ये कुठे बघायचं? भाऊ आधी पाच दाबायचे, माझ्यासाठी, मग तीन. तिसऱ्याला उतरून जायचे. प्राची त्या शाळेतून बाहेर पडली होती, समता पडली होती, अध्यक्षपद तर शाळेबरोबरच गेलं होतं. तरी ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नव्हतं अशा घरांतली दहाबारा पोरं उरली होती, आणि भाऊ रोज दुपारी त्यांना पलीकडे सोडत होते. मी कधी रिक्षातून त्या चौकातून जायचे तेव्हा दिसायचे. पोरं बदललेली, लहान, मला न ओळखता येणारी. भाऊंचं पोट सुटलं होतं, चालताना एका पायावर भार देत होते. मला त्यांचा राग यायचा, आणि तो राग ठेवायला त्यांना असं बघणं अडचणीचं व्हायचं. मग मी मोबाईल काढून बघत बसायचे.

गेले त्या दिवशी सकाळी अंघोळ झाली, देवाला हात जोडले, चहा सांगितला आणि खुर्चीत बसले. परब वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मान कलली होती. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. प्राचीने मला पाहिलं, आणि ती पुढे येऊन गळ्यात पडली. मला वाटलं होतं ती दार अडवेल. तिला बाप आणि मी यांच्यात काय झालं ते सगळं माहीत होतं, सभेच्या दिवशी ती सोसायटीच्या ऑफिसच्या दाराबाहेरच उभी होती. तरी गळ्यात पडली. मी तिला थोपटत राहिले आणि माझ्या मनात एवढंच येत होतं, की ही माझ्या लायकीपेक्षा जास्त चांगलं वागतेय.

बाराव्याला देसाई बाई आल्या. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. केस पूर्ण पांढरे, पण साडीच्या निऱ्या तशाच काटेकोर. जेवणं झाली, माणसं पांगली. वहिनी, मी आणि बाई, अशा आतल्या खोलीत तिघीच उरलो. बाई म्हणाल्या, “वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं.” आणि सांगितलं. पालकांना ते पत्र देण्याच्या आधी ऑफिसात एक मीटिंग झाली होती. नवीन इमारतीसाठी काहीच तरतूद नाही, पुढेही होईल असं दिसत नाही, हे तिथे स्पष्ट सांगितलं होतं. बाई त्या मीटिंगला हजर होत्या. पालकांपुढे हा विषय नको, आधी पोरं हलू द्या, असं त्यांना बजावलं होतं. “मी बोलले नाही,” बाई म्हणाल्या. “परबांनी मला विचारलं, यथावकाश म्हणजे काय. मी त्यांना अर्थ सांगितला. अर्थ चुकीचा नव्हता... पण मला माहीत होतं.”

ज्या बाईंचं नाव घेऊन भाऊ आमच्या सोफ्यावर बसले होते, त्या बाई. मी काहीतरी बोलणार होते, पण वहिनी आधी बोलल्या.

“त्यांना माहीत होतं, बाई.”

“काय?”

“दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. ऑफिसात फाईल बघायला मिळाली त्यांना. हजेरीच्या कागदावर तुमची सही होती. घरी आले आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून निजले. मी म्हटलं, सांगा सगळ्यांना. तर म्हणाले, बाईंचं नाव निघालं तर बाई बदली घेऊन जातील, मगे पोरांका शिकवतलो कोण?” मग म्हणाल्या, “आणि लाजही वाटली त्यांना. म्हणाले, लोकांका काय सांगू, अध्यक्षाक फसवल्यानी म्हणान?”

बाई रडण्याच्या ऐवजी चिडल्या. “मग मला एकदा तरी बोलायचं होतं त्यांनी,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी. रोज दारात पोरं मोजून द्यायचे, नमस्कार करायचे, आणि जायचे. रोज.” बाईंनी पर्स उचलली, चपला घालताना भिंतीचा आधार घेतला. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले नाही. जायला हवं होतं का?

या गोष्टीला आता सात आठवडे होत आले. हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, भाऊ किती मोठ्या मनाचे होते असं लिहीन आणि मोकळी होईन. पण लिहिताना रागच वर येतो, आणि तो खोटा नाही. दुसऱ्या वर्षी, म्हणजे मुली पाचवीत जायच्या होत्या तेव्हा, भाऊंनी आम्हाला खरं सांगितलं असतं तर मी समताला काढलं असतं. तेव्हा वेळ होती. त्यांनी बाईंना वाचवलं, शाळेत उरलेल्या शिक्षकांना वाचवलं, स्वतःची अब्रू वाचवली, आणि प्राचीला घरी शिकवलं. या सगळ्यांत माझ्या पोरीचा नंबर लागला नाही. रोज तिला हाताला धरून ते त्याच वर्गात सोडून येत होते, जिथे काही शिकवत नाहीत हे त्यांना माहीत होतं. हे मी कसं विसरू? आणि दुसरीकडे, आमच्यातल्या कुणाचीही दुपार रिकामी नसताना सात वर्षं हा माणूस उपाशी पोटी डंपरसमोर उभा राहिला, आणि आम्ही त्याला विरारचा फ्लॅट दिला. ज्या साहेबांनी नकाशा दाखवला त्यांचं नावही आज आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला आठवत नाही. त्यांच्यावर कुणी ओरडलं नाही. ते सापडणारच नव्हते. सापडणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहत होता.

भाऊ गेल्यावर त्या पोरांचं काय झालं, ते सांगते. पहिले चार दिवस ती शाळेत गेलीच नाहीत. मग दोन घरांनी एक रिक्षा ठरवली. चार जणांनी नाव काढून खालच्या चौकातल्या इंग्लिश शाळेत घातलं. बाकीची आपापली जातात, मोठी लहानांना नेतात. पत्रे ठोकलेल्या जागेत आता रात्रीच्या बसगाड्या उभ्या राहतात.

गेल्या शनिवारी समता आणि मी तिची दहावीची पुस्तकं आणायला निघालो होतो. त्याच चौकातून पलीकडे जायचं होतं. दिवा लागला, मी पाऊल टाकलं, तर समताने उजवा हात सरळ बाहेर काढला, तळवा गाड्यांकडे, आणि डाव्या हाताने मला आपल्या आतल्या बाजूला ओढून घेतलं. माझ्यापेक्षा ती दोन इंच उंच झालीय. तशीच गाड्यांकडे बघत, हात न हलवता, मला घेऊन चालायला लागली. मी विचारलं, हे काय?

“काय?” तिने विचारलं. तिला कळलंच नव्हतं. मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “काका असंच न्यायचे,” ती म्हणाली, पण हात खाली घेतला नाही. पलीकडचा फूटपाथ आला तेव्हा घेतला. थोडं चालल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “आई, तू त्यांना नंतर कधी सॉरी म्हणाली होतीस?”

“नाही,” मी म्हणाले.